अंगठ्याला मिरची नको

पारोळ्याच्या एका ताईंनी विचारलंय, साडेतीन वर्षांच्या मुलीची अंगठा चोखायची सवय सुटावी म्हणून अंगठ्याला मिरची चोळावी का? अजिबात नको, तोच हात डोळ्यात जातो. आपल्या ठेच्याची मिरची तर मोठ्यांनाही सोसत नाही!

नुकसान किती वेळ आणि किती जोराने चोखलं यावर ठरतं. अंगठा नुसता तोंडात ठेवून झोपणाऱ्यापेक्षा गाल आत ओढून चोखणाऱ्या मुलाला धोका जास्त: वरचा जबडा अरुंद होतो, वरचे दात पुढे येतात, दाढा मिटल्या तरी समोर फट राहते. तीन-चार वर्षांच्या आत सवय सुटली तर ही फट बहुतेकदा आपोआप भरते. सहा-सातव्या वर्षी पक्के दात येतानाही चालू असेल, तर तारा लावायची वेळ येऊ शकते.

रात्री हातात सुती मोजा चढवा, दिवसा हात कामात ठेवा. रागावलं की चोखणं वाढतं.

बाळाच्या तोंडात देतात त्या रबरी चोखणीचं तसंच, फक्त ती काढून घेता येते. ती मधा-गुळात बुडवू नका; दात किडतात, शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. दोऱ्यात ओवून गळ्यातही नको, फास बसतो. वयाच्या चार वर्षांनंतर फट दिसलीच तर धुळ्याच्या डेंटल कॉलेजात लहान मुलांच्या विभागात दाखवा.