सेलचा फाटका रॅप, चिकटपट्टी आणि टाइप-सीची केबल

लेस्टरकर
‘वेपची बॅटरी टाकून देण्याआधी’ या लेखातील तीन सल्ले वाचून गप्प बसवले नाही. सेलचा रॅप, म्हणजे बाहेरचे प्लास्टिकचे आवरण, फाटला तर चिकटपट्टी लावा, नवा सेल जास्तीत जास्त एमएएचचा (मिलिॲम्पिअर-तासांचा) घ्या, आणि टाइप-सीच्या चार्जरवर यंत्र चार्ज होत नसेल तर बॅटरी मेली असे समजा, असे लेखक म्हणतात. तिन्ही चूक आहेत आणि पहिले दोन धोक्याचे आहेत.

वेपमध्ये घालतात त्या १८६५० आकाराच्या लिथियम सेलचा धातूचा अख्खा डबा, थेट वरच्या कडेपर्यंत, ऋण ध्रुव असतो. धन ध्रुव म्हणजे मधली टोपी तेवढी. वरच्या बाजूला या दोहोंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे अंतर असते आणि संरक्षणाला असते ती एक कागदी चकती व पातळ पीव्हीसी. तेथेच नखाएवढे फाटले आणि धातूचा स्पर्श झाला, की सेल शॉर्ट होतो. चिकटपट्टीचा गोंद उष्णतेने सरकतो आणि सेल आत-बाहेर करताना तिची कड गोळा होते. नवा रॅप काही पेन्सांत मिळतो व हेअर ड्रायरच्या हवेने आकसून बसतो.

राहिले एमएएच. तो आकडा साठा सांगतो, प्रवाह सोसण्याची ताकद सांगत नाही. मेकॅनिकल मॉडमध्ये, म्हणजे चिप नसलेल्या वेपच्या यंत्रात, ०.२ ओहमची कॉइल (लिक्विड तापवणारी तार) लावली, तर पूर्ण भरलेल्या ४.२ व्होल्टच्या सेलमधून २१ ॲम्पिअर ओढले जातात. सॅमसंगचा ३५०० एमएएचचा ३५ई हा सेल सतत ८ ॲम्पिअर देण्यासाठी आहे. २५०० एमएएचचा २५आर २० ॲम्पिअरचा असूनही येथे अपुराच पडतो.

जुना धूरकरी
तो लेख माझाच आहे. आपल्या विद्वत्तेला नमस्कार, परंतु आज मेकॅनिकल मॉड वापरतो कोण? माझ्या मॉडमध्ये शॉर्ट-सर्किटपासून संरक्षण देणारी चिप आहे, चिकटपट्टीवर कित्येक महिने निर्धोक गेले आहेत आणि त्या बळावर माझी सिगारेट सुटली. कागदावरचे ॲम्पिअर मोजत बसलो असतो, तर अजून ओढत असतो.

लेस्टरकर
सिगारेट सुटली याचा आनंद आहे. तिचा रॅपशी संबंध नाही. चिपला दिसते ती कॉइल. सेल ज्या खाचेत बसतो तेथेच, म्हणजे चिपच्या अलीकडे, डबा आणि टोपी जोडली गेली, तर चिपला त्याचा पत्ताही लागत नाही.

स्लाऊनिवासी
या दोघांच्या वादात खरा मुद्दा राहिला. १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायच्या वेपच्या विक्रीला बंदी आली, म्हणून कंपन्यांनी त्याच डबीला चार्जिंगचे पोर्ट आणि बदलता येणारा पॉड (लिक्विडची कुपी) जोडून ती विकायला ठेवली. ते पोर्टही असे, की लॅपटॉपच्या चार्जरला दाद देत नाही. दुकानदार म्हणाला, “बॅटरी गेली, नवीन घ्या.” ही उघड लूट आहे.

सोल्डरिंगवाली
लूट असेल, पण बॅटरी बहुधा गेलेली नाही. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जर आधी समोर यंत्र आहे का, हे तपासतो. त्यासाठी यंत्रातील पोर्टच्या दोन पिनांवर ५.१ किलोओहमचा एकेक रोधक लागतो. स्वस्त यंत्रांत तो गाळलेला असतो, म्हणून चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या चौकोनी तोंडाच्या यूएसबी चार्जरवर हेच यंत्र मुकाट्याने चार्ज होते.

स्लाऊनिवासी
म्हणजे अर्ध्या पेनीच्या भागासाठी मी नवे यंत्र घेतले! आणि तो चौकोनी चार्जर आणायचा कोठून? मोबाइलच्या कंपन्यांनी खोक्यात चार्जर देणे बंद केले, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

दादरची लेक, सध्या रेडिंग
मोबाइलच्या खोक्याचे दुःख दुसरीकडे मांडा. माझ्या धाकट्या भावाने मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून टॉर्चसाठी ‘९९०० एमएएच’ छापलेले १८६५० सेल घेतले. त्या आकाराच्या सेलमध्ये एवढा साठा मावत नाही, हे त्याला सांगून मी थकले. त्यातला एक सुटा सेल किल्ल्यांसोबत जीन्सच्या खिशात राहिला आणि लोकल सुरू असताना तापला. मांडीवर डाग अजून आहे. तेव्हा ‘मला काही झाले नाही’ हा पुरावा कृपया देऊ नका.

जुना धूरकरी
खिशात सेल सुटा ठेवा, असे मी कोठे लिहिले? टॉर्चचा दाखला वेपच्या धाग्यात कशाला?

सोल्डरिंगवाली
सेलला तो टॉर्चमध्ये आहे की वेपमध्ये, हे ठाऊक नसते. आणि आपल्या मॉडवर अधूनमधून ‘चेक ॲटमायझर’ (कॉइलची जोडणी तपासा) असा संदेश येतो, असे त्या लेखातच लिहिले आहे. त्यात बॅटरीचा दोष शोधू नका. टँक (लिक्विड व कॉइलचा भाग) काढून तो जेथे मॉडवर फिरवून बसतो त्या ५१० जोडणीची मधली पिन पाहा; ती लिक्विडने चिकट झालेली किंवा खाली दबलेली असेल. सेल बाहेर काढून ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

जुना धूरकरी
पिन पुसली, संदेश गेला; एवढ्यापुरते आपले म्हणणे मान्य. लेस्टरकरांच्या समाधानासाठी रॅपही मागवले आहेत, पारदर्शक, म्हणजे त्यांना लांबूनही तपासता येतील. एमएएचबद्दल माझे मत कायम आहे.

लेस्टरकर
मत कायम ठेवा, परंतु लेखातले ते वाक्य काढा. आणि पारदर्शक रॅप घालण्याआधी कागदी चकती नवी बसवा. जुनी बहुधा चिकटपट्टीसोबत निघून येईल.