एड्सच्या सुरुवातीच्या काळातील व्यक्तिचित्रे आणि त्यांना झालेला विरोध

प्रश्न

आमच्या छायाचित्रण मंडळात मला पुढील महिन्यात १९८० च्या दशकात अमेरिकेत काढल्या गेलेल्या एड्सग्रस्तांच्या व्यक्तिचित्रांवर बोलायचे आहे. निकोलस निक्सन यांची छायाचित्रे १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मांडली गेली. आठ बाय दहा इंची निगेटिव्हचा अवजड कॅमेरा घेऊन ते त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जात राहिले, आणि लोक रुग्णाला हात लावायलाही घाबरत होते त्या काळात त्याच्या अगदी जवळ बसून त्यांनी हे काम केले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. असे असताना ॲक्ट अप या एड्सग्रस्तांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्याच दालनात पत्रके वाटून निषेध केला. त्यांचा आक्षेप नेमका कशाला होता? माझ्या व्याख्यानात या छायाचित्रांसोबत आणखी कोणाचे काम दाखवावे?

प्रतिसाद १

आक्षेप समजून घ्यायचा तर आधी ती वर्षे डोळ्यांसमोर आणायला हवीत. लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची पहिली शासकीय नोंद ५ जून १९८१ ची आहे, एझेडटी हे एड्सवरचे पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले १९८७ मध्ये, आणि माणसे खरोखर जगू लागली ती १९९६ च्या सुमारास एकत्रित औषधोपचार आल्यानंतर. मधल्या काळात वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून लोकांपुढे बहुतांशी एकच चेहरा येत राहिला : खंगलेला, एकाकी, मरणाची वाट पाहणारा. निक्सन यांच्या चित्रमालेतील टॉम मोरान १९८७ च्या उन्हाळ्यापासून पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत चौकटीगणिक झिजत जातात, आणि प्रेक्षक कितीही सहृदय असला तरी शेवटच्या चित्रापाशी त्याच्या मनात एवढेच उरते की या आजारात माणूस असा संपतो. त्या माणसाचा जोडीदार, त्याचे मित्र, औषधांच्या किमतींविरुद्ध रस्त्यावर उतरलेले त्याचे सोबती, त्याचा संताप यांतले फारसे काही त्या भिंतीवर दिसत नव्हते. आमच्याकडे नुसते पाहू नका, आमचे ऐका, अशा आशयाची मागणी पत्रकात होती, आणि चिडणारे, प्रेम करणारे, लढणारे रुग्णही लोकांना दिसले पाहिजेत, असा तिचा आग्रह होता. १९८३ मध्येच डेन्व्हर येथे एड्ससह जगणाऱ्यांनी एक जाहीरनामा मांडून आपल्याविषयीच्या निर्णयांत प्रत्येक पातळीवर आपला सहभाग मागितला होता; पाच वर्षांनंतरचा हा निषेध त्याच मागणीची पुढची पायरी होता, असे मी मानतो.

प्रतिसाद २

वरील विवेचन मला पटते, पण मृत्यूचे चित्र काढूच नये, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. तेरेझ फ्रेअर यांनी १९९० मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस येथे, एड्सग्रस्तांसाठीच्या पेटर नॉस्टर हाउसमध्ये, डेव्हिड कर्बी यांच्या अखेरच्या घटकांचे छायाचित्र घेतले. मुलाचे डोके कवटाळून बसलेले वडील आणि शेजारी एकमेकींना बिलगलेल्या बहीण व भाची, असे ते कृष्णधवल चित्र आहे. कर्बी स्वतः या लढ्यातील कार्यकर्ते होते, आणि या छायाचित्रांतून कोणी वैयक्तिक नफा कमवायचा नाही, या अटीवर त्यांनी आधीच संमती दिली होती. शेवटच्या दिवशी फ्रेअर खोलीबाहेर थांबल्या होत्या. कर्बी यांच्या आईने त्यांना आत बोलावले तेव्हा त्या आत गेल्या आणि एका कोपऱ्यात उभ्या राहिल्या. लाइफ मासिकाने ते चित्र त्याच वर्षी छापले. १९९२ मध्ये बेनेटन या कपड्यांच्या कंपनीने त्यात रंग भरून ते आपल्या जाहिरातीत वापरले, तेव्हा मोठा गदारोळ झाला, पण कुटुंबाने मात्र त्या वापरालाही होकार दिला होता. मला स्वतःला ती जाहिरात आजही खटकते. तरीसुद्धा जे कुटुंब त्या खोलीत होते त्याच्या होकारापेक्षा माझी नापसंती मोठी मानता येणार नाही, आणि व्याख्यानात हा तिढा न सोडवता जसा आहे तसाच श्रोत्यांपुढे ठेवावा, असे मी सुचवेन.

प्रतिसाद ३

बिली हॉवर्ड यांचे काम अवश्य दाखवा. अटलांटाच्या या छायाचित्रकाराने व्यक्तिचित्राखाली कागदाची कोरी जागा राखली आणि ज्याचे चित्र त्यानेच तेथे स्वतःच्या हस्ताक्षरात हवे ते लिहावे, अशी पद्धत ठेवली. हे काम १९८९ मध्ये पुस्तकरूपाने आले. कोणी काय लिहिले यापेक्षाही अक्षराचे वळण, मध्येच तिरकी झालेली ओळ आणि घाईने केलेली सही पाहताना आपण एका विशिष्ट माणसासमोर उभे आहोत, याचा विसर पडत नाही. ‘ऐका’ ही मागणी कागदावर कशी उतरवता येते, याचे इतके साधे उत्तर दुसरे कोणते असेल असे मला वाटत नाही. त्याच्याच जोडीला गिडिअन मेंडेल यांची १९९३ ची लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील छायाचित्रे ठेवा. बदनामीच्या भीतीने तेथील बहुतेक रुग्णांनी नकार दिला, चौघांनी होकार दिला, आणि त्या चौघांभोवती जोडीदार, आईवडील व परिचारिका अगदी सहजपणे वावरताना, मिठी मारताना दिसतात.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. यातूनच पुढचा प्रश्न निघतो. आज पुण्यामुंबईत एचआयव्हीसह जगणाऱ्यांची व्यक्तिचित्रे काढायची झाल्यास कोणती काळजी घ्यावी?

प्रतिसाद ४

मी या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करते. आपल्याकडे ओळख उघड होण्याची किंमत काय असते, हे गोव्याच्या डॉमिनिक डिसूझा यांनी भोगले आहे : रक्तदानातून त्यांचा संसर्ग उघडकीस आला आणि १९८९ मध्ये राज्याच्या कायद्याचा आधार घेऊन त्यांना जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवण्यात आले. भारताच्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने आता भेदभावाला बंदी आहे आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय कोणाचीही एचआयव्हीस्थिती उघड करता येत नाही. म्हणून संमती लेखी घ्या, आणि चित्र प्रदर्शनात, छापील स्वरूपात की समाजमाध्यमांवर जाणार, हे वेगवेगळे विचारा. भिंतीवरच्या चित्राला होकार देणारी बाई तेच चित्र भ्रमणध्वनीवरून गावी पोहोचू नये म्हणून धडपडत असते, हे मी पाहिले आहे. मुलांच्या शाळेचा गणवेश, दारावरची पाटी, औषधाच्या डबीवरील नाव चौकटीत येत नाही ना, हेही तपासा. आणि दिल्लीत जन्मलेले छायाचित्रकार सुनील गुप्ता यांची १९९९ ची आत्मचित्रमाला व्याख्यानात घ्या : १९९५ मध्ये स्वतःच्या संसर्गाचे निदान झाल्यानंतर त्यांनी कॅमेरा स्वतःकडेच वळवला, त्यामुळे तेथे पाहणारा आणि पाहिला जाणारा एकच आहे.