इंग्रजी लिखाणातल्या वाक्यांच्या चुका स्वतःच्या स्वतःला कशा दिसतील? सल्ला हवा

निळी शाई:
नमस्कार मंडळी. टीममध्ये नव्याने आलेल्यांचे इंग्रजी रिपोर्ट पुढे जाण्याआधी मी तपासते. सगळे हुशार आहेत, शब्दांचा साठाही चांगला आहे, पण वाक्यं बिघडतात. मी दुरुस्त करून देते आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. एक नमुना देते:

‘द रिपोर्ट ऑफ ऑल थ्री टीम्स आर रेडी, आय हॅव सेंट इट येस्टरडे. बिकॉज द क्लायंट वॉज वेटिंग. व्हाइल चेकिंग द फाइल, टू मिस्टेक्स वेअर फाउंड.’

मला यातल्या चुका दिसतात. त्यांना त्या कशा दिसाव्यात? पुस्तक, साइट, सराव, काहीही सुचवा. फक्त जाडजूड व्याकरण नको, ते कुणी उघडणार नाही.

कागदकाम:
रेमंड मर्फी यांचं केंब्रिजचं निळं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ द्या. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर सराव. पहिल्यापासून वाचायची गरज नाही, जे अडतंय तेवढंच पान काढायचं. विरामचिन्हांसाठी मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी पर्ड्यू विद्यापीठाची ‘आउल’ ही साइट बघा, फुकट आहे.

अनुस्वार:
निळी शाई, नमुना दिलात हे फार बरं केलंत. यातल्या बहुतेक चुका निष्काळजीपणाच्या नाहीत. मराठीत जे बिनदिक्कत चालतं तेच इंग्रजीत उतरलंय. हे आधी सांगा, म्हणजे ऐकणाऱ्याला अपमान वाटत नाही.

पहिलं वाक्य घ्या. ‘टीम्स’ अनेकवचनी आणि क्रियापदाला अगदी खेटून, म्हणून ‘आर’ लिहिलं गेलं. पण तयार काय आहे? रिपोर्ट. मधलं ‘ऑफ ऑल थ्री टीम्स’ बोटाने झाकायला सांगा, ‘इज’ आपोआप सुचेल. आपलं क्रियापद कधी कर्त्याकडे बघतं, कधी कर्माकडे (तिने पत्र लिहिलं, तिने चिठ्ठी लिहिली). इंग्रजी क्रियापद कर्त्याकडेच बघतं, मध्ये कितीही शब्द घुसले तरी.

मग तो स्वल्पविराम. ‘रेडी’पाशी एक वाक्य पुरं झालं, ‘आय’पासून दुसरं सुरू झालं. ‘रिपोर्ट तयार आहे, मी काल पाठवला’ हे मराठीत खटकत नाही. इंग्रजीत दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की ती चूक धरतात, तिला कॉमा स्प्लाइस म्हणतात. पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, नाहीतर स्वल्पविरामानंतर फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो या ७ पैकी एक अव्यय घाला. ‘हाउएव्हर’ आणि ‘देअरफोर’ या सातांत नाहीत, आणि चांगले लिहिणारेही इथेच घसरतात. ‘इट वॉज लेट, हाउएव्हर, वी कंटिन्यूड’ हे चूक. ‘लेट’नंतर पूर्णविराम किंवा अर्धविराम, ‘हाउएव्हर’नंतर स्वल्पविराम. रिपोर्टमध्ये मी तरी पूर्णविरामच सुचवेन.

‘हॅव सेंट’ आणि ‘येस्टरडे’ एकत्र नांदत नाहीत. संपलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळ. ‘बिकॉज’चं वाक्य अर्धवट राहिलंय, ते आधीच्याला जोडा.

शेवटच्या वाक्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘रस्त्याने चालताना फोन वाजला’ हे मराठीत कुणालाही खटकणार नाही. ‘वॉकिंग डाउन द रोड, द फोन रँग’ असं लिहिलं की इंग्रजी वाचणाऱ्याला फोनच चालताना दिसतो. सुरुवातीच्या तुकड्यातलं काम जो करतो, तोच स्वल्पविरामानंतर लगेच कर्ता म्हणून यायला हवा. तुमच्या नमुन्यात फाइल कोण तपासत होतं? चुका तर नक्कीच तपासत नव्हत्या.

सगळं मिळून असं होईल: ‘द रिपोर्ट ऑफ ऑल थ्री टीम्स इज रेडी. आय सेंट इट येस्टरडे बिकॉज द क्लायंट वॉज वेटिंग. व्हाइल चेकिंग द फाइल, आय फाउंड टू मिस्टेक्स.’

आता तुमचा मूळ प्रश्न. दुरुस्त करून देणं थांबवा. ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात फक्त एक खूण करा. चूक कोणती ते सांगू नका, लिहिणाऱ्याला शोधू द्या. रिचर्ड हॅसवेल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८३ मध्ये हीच पद्धत ‘मिनिमल मार्किंग’ नावाने मांडली होती. खूण दिसली की बऱ्याच चुका लिहिणाराच सुधारतो. ज्या उरतात त्याच खऱ्या शिकवायच्या.

मोरपीस:
अनुस्वार यांच्याशी सहमत. एक भर घालते: शेवटच्या वाक्यापासून सुरू करून उलट वर वाचत यायचं. अर्थाचा ओघ तुटतो आणि प्रत्येक वाक्य एकटं उभं राहतं का ते लगेच कळतं. ‘बिकॉज’वालं वाक्य असंच सापडतं. एका फेरीत एकच प्रकार शोधायचा, सगळं एकदम नाही.

खिडकी:
एवढं सगळं कशाला? व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर लावा, मोकळे व्हा.

मोरपीस:
लावा, पण शेवटी. आधी स्वतः खुणा करायच्या, मग सॉफ्टवेअर चालवून आपल्याला काय दिसलं नव्हतं ते बघायचं. पहिल्यापासून तेच लावलं तर बटण दाबून सूचना स्वीकारायची सवय लागते, आणि निळी शाईंना नेमकं तेच नकोय. शिवाय सॉफ्टवेअर सुचवतं ते वाक्य व्याकरणात बसलं तरी लिहिणाऱ्याच्या मनातला अर्थ तोच राहिलाय का, हे त्यालाच बघावं लागतं.

कागदकाम:
अजून एक. ‘इन्फर्मेशन्स’, ‘अ‍ॅडव्हायसेस’, ‘इक्विपमेंट्स’ दिसत असतील तर ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरी वापरायला लावा. नाम मोजता येणारं आहे की नाही हे तिथे अर्थासोबतच दिलेलं असतं. एका नोंदीत प्रश्न मिटतो.

निळी शाई:
मनापासून आभार. समासातल्या खुणांची पद्धत याच आठवड्यात सुरू करते. एक शंका राहिली: ‘बिकॉज’ने, ‘बट’ने वाक्य सुरूच करायचं नाही, असं मी त्यांना सांगत आलेय. ते बरोबर आहे ना?

अनुस्वार:
नाही, तो नियम काढून टाका. ‘बिकॉज द क्लायंट वॉज वेटिंग, आय सेंट इट येस्टरडे’ हे अगदी शुद्ध आहे, कारण पुढे मुख्य वाक्य आलंय. ‘बट’ आणि ‘अँड’नेही वाक्य सुरू होतं, चांगल्या इंग्रजी गद्यात सर्रास सापडेल. पहिला शब्द कोणता हे बघू नका. पूर्णविरामाच्या आत स्वतःच्या पायावर उभं राहणारं, कर्ता आणि क्रियापद असलेलं एक तरी वाक्य आहे का, एवढंच तपासायला सांगा.