आईच्या पदकावरचं १८३० हे साल कसलं?

प्रश्न:
आई गेल्यावर तिच्या गळ्यातलं लंबगोल पदक माझ्याकडे आलं. पुढे पवित्र मरिया आहे, पण प्रार्थनेच्या वेळी आई अंगठा फिरवायची, त्याने चेहरा पार झिजलाय. कडेला १८३० वाचता येतं. पदक इतकं जुनं असेल? एका हातातून किरण निघतात, दुसऱ्यातले दिसतच नाहीत. मुळात तसंच असतं का? मागे ‘एम’, त्यावर क्रूस, खाली दोन हृदयं, भोवती तारे. पॉलिश करून घेणार आहे, त्याआधी समजून घ्यायचंय.

उत्तर:
हे चमत्कारी पदक. १८३० हे दर्शनाचं साल. त्या वर्षी पॅरिसमधल्या एका मठात कॅथरीन लाबुरे या तरुण धर्मभगिनीला मरियेचं दर्शन झालं आणि असं पदक घडवून घ्यायला सांगितलं गेलं. पहिली पदकं १८३२ मध्ये निघाली, शहरात कॉलऱ्याची साथ होती तेव्हा. पुढे साच्यात तेच साल राहिलं, त्यामुळे त्यावरून पदकाचं वय कळत नाही.

किरण दोन्ही हातांतून असतात, तुमचे झिजलेत. पण कॅथरीनने सांगितलं होतं की मरियेच्या बोटांतल्या अंगठ्यांच्या काही खड्यांतून प्रकाश येत नव्हता. लोक जी कृपा मागायलाच विसरतात, तिचे ते खडे. मी पदक हातात घेतलं की आधी हेच आठवतं.

मागची बाजू मला जास्त जवळची. काट्यांनी वेढलेलं हृदय येशूचं, तलवार खुपसलेलं मरियेचं. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हाच शिमोन नावाच्या धार्मिक माणसाने तिला या तलवारीबद्दल सांगितलं होतं (बायबल, लूक, अध्याय २). आणि मरियेचा ‘एम’ क्रूसाच्या खाली आहे, येशूच्या क्रूसाजवळ ती उभी होती तिथेच. तारे बारा, बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातल्या स्त्रीच्या मुकुटाचे.

पॉलिश कृपया करू नका. उरलेला उठावही जाईल.

दुसरं उत्तर:
या पदकाच्या पुढच्या बाजूला कडेने एक प्रार्थना कोरलेली असते. तिच्यात मरियेला ‘पापाविना गर्भसंभव झालेली’ म्हटलंय. बरेच जण याचा संबंध येशूच्या जन्माशी लावतात. इथे मरिया स्वतः तिच्या आईच्या उदरात आली त्या क्षणाबद्दल बोललंय. चर्चने ही श्रद्धा धर्मसिद्धान्त म्हणून १८५४ मध्ये जाहीर केली, पदकावर ती आधीपासून होती.

प्रश्नकर्ती:
भिंगाखाली तारे मोजले. अकरा स्पष्ट आहेत, बारावा नखाला लागतो. पॉलिश रद्द. आज नवी दोरी ओवली.