‘कन्व्हर्जन’ला मराठीत काय म्हणावे? (संदर्भ : कॅम्परव्हॅन)

प्रश्न : साध्या व्हॅनमध्ये झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करून घेण्याला इंग्रजीत ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. ‘रूपांतर’ या शब्दाने ते नेमके व्यक्त होते का?

उत्तर १ : ‘रूपांतर’ चूक नाही, पण फार ढोबळ आहे, कारण या एका नावाखाली दोन निराळी कामे येतात. फोक्सवॅगनची टाइप-2 व्हॅन 1950 मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतील वेस्टफालिया या कंपनीने तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. दिवसा बाक आणि रात्री बिछाना होणारे हे सामान उतरवून ठेवले की तीच गाडी सोमवारी पुन्हा मालवाहतुकीला मोकळी होत असे. येथे गाडी मुळी बदलतच नाही, तेव्हा याला ‘जोडसामान’ म्हणणे रास्त. इंग्लंडमध्ये फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर या कंपनीने मात्र बेडफर्ड व्हॅनचा टप कापून त्या जागी एका कडेला बिजागऱ्यांवर उघडणारे छप्पर बसवले. ते उचलले की पट्ट्यापट्ट्यांचे कापड ताणले जाते आणि आत माणूस ताठ उभा राहू शकतो. अशा कामाला मी ‘फेरबांधणी’ म्हणेन. आपल्याकडे ट्रकची नुसती चेसिस घेऊन ‘बॉडी बांधून घेतात’. कॅम्परच्या बाबतीत बॉडी आधीच तयार असते, म्हणून ‘फेर’ हवे.

उत्तर २ : ‘फेरबांधणी’ पटते. गाडीच्या नावाबद्दल मात्र नवा शब्द घडवण्याचा खटाटोप व्यर्थ वाटतो. मार्टिन वॉल्टर कंपनीचे ‘डॉर्मोबाइल’ हे व्यापारी नाव ब्रिटनमध्ये कोणत्याही कॅम्परला लागू झाले. पुणेकरांना याचे नवल वाटू नये, कारण ‘टेम्पो’ हेही मुळात हॅम्बुर्गजवळच्या एका कारखान्याचे नाव. आकुर्डीच्या बजाज टेम्पोचे 2005 मध्ये फोर्स मोटर्स झाले, तरी लोक ‘टेम्पो ट्रॅव्हलर’च म्हणतात, आणि तिच्यावरच आज अनेक कॅम्पर बांधल्या जातात.

उत्तर १ : बोलण्यात ‘कॅम्पर’ला माझी हरकत नाही. कागदोपत्री मात्र एआयएस-124 या भारतीय वाहन-मानकातला ‘मोटर कॅरव्हॅन’ हाच शब्द वापरावा, आणि आरसी बुकातील बदलाच्या नोंदीला रूढ ‘फेरफार’ पुरेसा आहे.