गोदामातलं जुनं डब्ल्यूईपी वायफाय, वरून व्हीपीएन लावलं तर भागेल का?

इतवारी_ठोक: नमस्कार मंडळी. इतवारीत किराण्याचं ठोक दुकान, मागं गोदाम. माल मोजायचे बारकोड हँडहेल्ड जुने आहेत, त्यांना डब्ल्यूईपीच्या (वायफायचं जुनं कुलूप) पुढचं काही येत नाही. म्हणून राउटरही त्याच्यावरच चालवून राहिलो. बिलिंगचा लॅपटॉप आणि उधारीचं सारं खातं त्याच नेटवर्कवर आहे, त्याची धास्ती वाटते. नवे हँडहेल्ड दिवाळीआधी परवडत नाहीत. पैसे भरून मिळते ते व्हीपीएन (डेटा झाकून नेणारा खासगी बोगदा) घेऊ काय?

तारवाला_धरमपेठ: नका घेऊ भाऊ. ते तुमचा इंटरनेटचा डेटा त्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत झाकते. हँडहेल्ड ते संगणक हा प्रवास दुकानातल्या दुकानातच आहे, तो उघडाच राहील. डब्ल्यूईपीतली खोट २००१ मध्येच उघड झाली आणि २००७ पासून त्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, मिनिटभरात निघते. गल्लीत गाडी लावून बसलेल्यालाही जमेल.

तुम्हाला पाहिजे ते दुकानातलं स्वतःचं व्हीपीएन. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी मोफत प्रणाली) चालेल असा राउटर घ्या, त्यावर वायरगार्ड हे मोफत व्हीपीएन बसवा. लॅपटॉप वायफायला जोडला तरी खात्यापर्यंत वायरगार्डमधूनच जाईल. खरी मेख फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या राउटरच्या नियमांत आहे: वायफायच्या बाजूनं फक्त यूडीपी ५१८२० (वायरगार्डचं दार, म्हणजे पोर्ट) उघडा, बाकी सगळं बंद. ही ओळ राहिली तर व्हीपीएन असून नसल्यासारखं. लॅपटॉपवर वायरगार्ड बंद करून खात्याचा संगणक उघडून पाहा. उघडला, तर काम अर्धवट आहे.

नंदनवन_नेट: लॅपटॉपला सरळ केबल ओढा ना, काउंटरवरून तो हलतो कुठं? वायरगार्डची गरज फिरत्या मोबाइल-टॅबपुरतीच उरेल. प्रत्येकाला वेगळी किल्ली द्या, म्हणजे एखादा हरवला तर तेवढीच काढता येते.

हँडहेल्डवर वायरगार्ड चालणार नाही. त्यांच्यासाठी जुना राउटर वेगळा ठेवा, त्यातून स्टॉकच्या प्रोग्रामचा एकच पोर्ट दिसू द्या. इंटरनेट नाही, खातं नाही. पोत्यांचा आकडा कोणी वाचला तर वाचू दे, गिऱ्हाइकांची उधारी कोणाच्या हाती लागू नये. आणि हँडहेल्ड बनवणाऱ्यानं नवं फर्मवेअर (यंत्रातलं आतलं सॉफ्टवेअर) काढलं आहे का ते आधी तपासा. २००३ चं डब्ल्यूपीए, म्हणजे डब्ल्यूईपीनंतरचं कुलूप, मुळात डब्ल्यूईपीच्याच यंत्रांवर अपडेटनं चालावं म्हणून काढलं होतं. आज तेही कच्चंच, पण डब्ल्यूईपीपेक्षा पुष्कळ बरं.

इतवारी_ठोक: हँडहेल्डसोबत यूएसबीचे क्रॅडल (हँडहेल्ड ठेवून केबलनं संगणकाला जोडायचे स्टँड) आले होते, कपाटात पडून आहेत. त्यांचा उपयोग होईल?

तारवाला_धरमपेठ: मग तर झालंच! स्टॉकचा प्रोग्राम आकडे साठवून नंतर पाठवू देत असेल तर दिवसभर मोजा, संध्याकाळी क्रॅडलवर ठेवून उतरवा, डब्ल्यूईपी कायमचं बंद. टॅबचं घड्याळ मात्र बरोबर ठेवा. ते मागं गेलं की वायरगार्ड जोडणी नाकारते, अन् आपण उगाच किल्ल्या बदलत बसतो.