८.२ टक्के वाढ आणि आपल्या गेटवरचे वॉचमन मामा (सोसायटीच्या ग्रुपवरून)

ए-३०२: मंडळी शुक्रवारचे आकडे बघितले का, जुलै ते सप्टेंबर २०२५ मध्ये जीडीपी, म्हणजे देशाचं एकूण उत्पादन, ८.२ टक्क्यांनी वाढला, गेल्या वर्षी याच तिमाहीत ५.६ होता. आणि त्याच्या आदल्या आठवड्यात २१ नोव्हेंबरला चारही लेबर कोड लागू झाले, २९ जुने कामगार कायदे एकत्र करून. संसदेत २०१९-२० लाच पास झाले होते, पाच वर्षं नुसते पडून होते, आता हिंमत केली तर कौतुक करायलाच पाहिजे

सी-५०१: अभिनंदन आहेच काका 🙏

बी-१०४: काका वाढ झाली याचा आनंद मलाही आहे, पण माझा भाचा डिप्लोमा करून तीन वर्षं चाकणला कंत्राटावर आहे, अकरा महिने झाले की ब्रेक देतात आणि परत नव्याने घेतात, त्याच्यापर्यंत यातलं काय पोचलं ते मला कळत नाहीये

ए-३०२: ताई बेकारीसुद्धा कमी झालीये, २०१७-१८ ला ६.१ टक्के होती ती २०२३-२४ ला ३.२. हा सरकारी सर्व्हेच आहे

सी-५०१: काका त्याच सर्व्हेत पुढचं पान पण बघा ना. स्वतःचा धंदा किंवा शेती करणारे ५२ टक्क्यांचे ५८ वर गेले आणि महिन्याच्या पगाराची नोकरी असणारे २२.८ वरून २१.७ वर आले. घरच्या दुकानात एक रुपया न घेता बसणारी सून पण त्यात कामावरच धरतात. १५ ते २९ वयात बेकारी २०२३-२४ लाही १० टक्क्यांच्या वर होती. काम आहे हो, पगाराची नोकरी वाढत नाहीये, माझं म्हणणं एवढंच

ए-३०२: हे मान्य. म्हणून तर केंद्राने विकसित भारत रोजगार योजना आणली ना, १ ऑगस्टपासून, ९९ हजार कोटींची. पहिल्यांदा पीएफ लागणाऱ्याला १५ हजारापर्यंत, दोन हप्त्यांत

डी-२०३: हो माझ्या मुलीची पहिलीच नोकरी, ऑगस्टमध्येच लागली. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, सरकारच्या उमंग अॅपवर चेहरा दाखवून काढावा लागतो, कोणाची मुलं नवीन लागली असतील तर आधी ते करून घ्या

बी-१०४: भाच्यासाठी मला नवीन कोडमधलं एक खरंच आवडलं, ठराविक मुदतीवर घेतलेल्याला आता एका वर्षाने ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम), पाच वर्षं थांबायला नको. पण अकरा महिन्यांनी ब्रेक देणारे देतच राहिले तर ते एक वर्ष भरणार कधी?? आणि कामगार काढायला सरकारची परवानगी लागायची ती मर्यादा १०० वरून ३०० केली, म्हणजे अडीचशे माणसांचा कारखाना उद्या न विचारता माणसं कमी करू शकतो. त्याची आई रोज हेच विचारते मला

ए-३०२: ताई ही भीती खरी आहे, मी नाही म्हणणार नाही. मी चाळीस वर्षं कारखान्यात काढली, शंभरी ओलांडायला नको म्हणून मालक ९५ वर थांबायचे आणि बाकी सगळे कंत्राटी घ्यायचे, ते पण मी बघितलंय. मर्यादा वाढवल्याने भरती वाढते का ते दोन-तीन वर्षांनीच कळेल

बी-१०४: मग आपल्या हातात आहे ते तरी करूया. नवीन कायद्यात प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचंय. आपल्या गेटवरचे रात्रपाळीचे मामा सहा वर्षं आहेत, काल विचारलं तर एजन्सीने एक कागद दिलेला नाही. बारा तास उभे असतात, जास्तीच्या तासांना दुप्पट दर असतो हे त्यांना माहीतच नव्हतं. पीएफ कापतात म्हणाले पण नंबर माहीत नाही

सी-५०१: हे बरोबर नाही. मेंटेनन्स आपण भरतो, बिल आपण पास करतो

सेक्रेटरी: वाचलं सगळं. एजन्सीला आज मेल करतो, चारही गार्ड आणि हाऊसकीपिंगच्या तिघींची नेमणूक पत्रं आणि पीएफ नंबर मागतो. ते आल्याशिवाय डिसेंबरचं बिल पास करायचं नाही असा ठराव रविवारच्या मीटिंगला ठेवू

ए-३०२: माझा पाठिंबा. आणि बारा तासांचं पण घ्या त्यात, तीन पाळ्या केल्या तर मेंटेनन्स वाढेल, ते मी बोलेन सगळ्यांशी

बी-१०४: काका 🙏 मामांना मी सकाळी सांगते, आधार कार्ड घेऊन या म्हणून